हबशीच्या नावाने तीनशे रहमा

गुरुवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी लबीबाची पहिली खेप भट्टीत होती आणि दुसऱ्या परातीतल्या पिठाचे ती गोळे तोडत होती. गोळा उजव्या हाताने तोडायचा, डाव्या तळव्याने दाबायचा. डाव्या हाताची मधली दोन बोटं वळत नाहीत. एका खेपेत साठ नग बसतात. सहासष्टाव्या वर्षी ती दिवसाला चार खेपा काढते आणि भट्टीशेजारच्या लाकडी बाकावर बसून जेवते, कारण घरात दुसरी खुर्ची नवऱ्याची, हबशीची, होती आणि ती तिने मागच्या हिवाळ्यात जाळली.

इझबत हन्ना गावात कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी, वर्षाने आणि सणाला थडग्यावर जाताना तिचे पाव लागतात. तळहाताएवढे, गोल, वरून तीळ, आत बडीशेप. पावाचं नाव रहमा, म्हणजे दया. देणाऱ्याने मेलेल्याचं नाव घ्यायचं, ‘अमक्याच्या आत्म्यासाठी’. घेणाऱ्याने घास घेण्याआधी म्हणायचं, ‘देव त्याच्यावर दया करो’. न बोलता खाल्लेला रहमा म्हणजे नुसता पाव, असं इथे मानतात, आणि वाटपाच्या दिवशी म्हाताऱ्या बायका पोरांच्या ओठांवर लक्ष ठेवून असतात.

सहाला तफीदा आली, डोक्यावर रिकामी टोपली घेऊन. तिचा नवरा चाळीस दिवसांपूर्वी गेला.

“झालं का गं, की अजून पीठच कुरवाळत बसलीयस?”

“घाई कसली? तुझा नवरा कुठे पळून चाललाय? मेलाय तो. थांबेल.”

“जिवंत होता तेव्हा कधी थांबला नाही. आता बरा थांबेल.” तफीदाने टोपली खाली ठेवली, ओढणीने घाम पुसला. “उद्या तुझ्या हबशीचं वर्ष ना? त्याचे किती करतेयस?”

“एकही नाही.”

“अगं, लोक काय म्हणतील! चाळिसाव्यालाही मिन्या शहराहून विकतचे आले.”

“ते नसीफने आणले. मी नाही.”

“आणि इतके कडक की आमच्या सासूबाईंचा उरलेला दात गेला. दया करो म्हणायच्या आधी शिवी दिली तिने. हबशीच्या पदरात नक्की काय पडलं, देव जाणे.”

लबीबा हसली नाही. तिने भट्टीचं दार उघडलं, फळीने पहिली ओळ पुढे ओढली, रंग पाहिला, पुन्हा सरकवली.

“जिथे गेलाय तिथे पाव पोचत नाही,” ती म्हणाली. “त्यानेच शिकवलंय.”

हे खरं होतं. हबशी एकेचाळीस वर्षं गावच्या चर्चमध्ये शम्मास होता, वेदीपाशी उभा राहून स्तोत्रं म्हणणारा सेवक. आवाज असा की शेजारच्या गावचे लोक मोठ्या सणाला ऐकायला यायचे. शुक्रवारी प्रार्थनेनंतर तो मुलांना धर्म शिकवायचा आणि दर वर्षी उपासाच्या महिन्यात नरकाचा धडा घ्यायचा. मेणबत्ती पेटवायची, एकेका मुलाला पुढे बोलवायचं, बोट ज्योतीवर धरायला लावायचं. हबशी मोजायचा. तीन झाले की बोट सोडायचा. मग विचारायचा, “आता मोज. शेवट नाही त्याचा. मोज.” पहिल्या रांगेतली पोरं रडायची, मागच्या रांगेतली हसायची, आणि मग मागची रांग पुढे यायची. आजही गावातले दाढीवाले पुरुष लग्नाच्या जेवणात एकमेकांना बोटं दाखवून खिदळतात: बघ, माझं इथे, तुझं कुठे? हबशीच्या मेणबत्तीनं गाव सरळ राहिलं, असं ते म्हणतात, आणि बहुतेक जण मनापासून म्हणतात.

मुलांसाठी तीन, बायकोसाठी वीस. लग्नाच्या चौथ्या वर्षी पिठात मीठ दुप्पट पडलं. हबशीने तिचा डावा हात भट्टीच्या लोखंडी दारावर धरला. किती वेळ धरला हे लबीबाला नक्की ठाऊक आहे, कारण तो मोठ्याने मोजत होता, वर्गात मोजायचा त्याच आवाजात. नंतर त्याने स्वतः लोणी लावलं आणि सांगितलं, “हे तुझ्या भल्यासाठी. इथे वीस, तिथे कायमचं.” तो रागावलेला नव्हता. चाळीस वर्षांत तो क्वचितच रागावला. त्याला पटलेलं होतं.

त्यांना चार मुलं झाली. मधली दोन जगली नाहीत. थोरली इरिनी, धाकटा नसीफ.

इरिनी एकोणीस वर्षांची असताना हबशीने तिचा वाङ्‌निश्चय केला. मुलगा म्हणायचा तो माणूस बेचाळीस वर्षांचा विधुर होता, तीन गावं पलीकडचा, चर्चला जमीन देणाऱ्या घरातला. पाद्र्यासमोर प्रार्थना होऊन शब्द दिला गेला. इरिनीने बापाला तीनदा सांगितलं की नको. तिसऱ्यांदा ती त्याच्या पायाशी बसली होती आणि तो उद्याचं स्तोत्र पाठ करत होता. त्याने स्तोत्र पुरं केलं आणि म्हणाला, “शब्द देवासमोर दिलाय.” लग्नाला अकरा दिवस उरले असताना, भर दुपारी, ती गावामागच्या कालव्यात गेली. लबीबा तिला हाका मारत मागे धावली होती. काठापर्यंत पोचली. पुढे पोचली नाही.

घरी येऊन तिने नवऱ्याला जे पाहिलं ते सांगितलं. सत्तावीस वर्षांत तिने केलेली एकच चूक विचारली तर ती हीच सांगते. मार ती चूक म्हणून मोजत नाही, तो ज्याने मारला त्याच्याकडे जमा. सांगितलं ते मात्र तिने स्वतः, स्वतःच्या तोंडाने.

आपला जीव आपण घेतलेल्या माणसावर इथल्या चर्चमध्ये प्रार्थना होत नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं असं सिद्ध झालं तर होते, नाही तर नाही. पण कालव्याचे काठ चिकणमातीचे, वर्षाला दोन-तीन माणसं घसरतात. बायकांनी रस्त्यातच ठरवलं होतं काय म्हणायचं. शवपेटी चर्चच्या फाटकाशी आली तेव्हा त्या वेळचे म्हातारे पाद्री, अबूना घबरियाल, बाहेर आले आणि त्यांनी प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच होतं: “पाय घसरला ना पोरीचा?”

हबशी म्हणाला, “नाही, अबूना. स्वतःहून गेली. तिच्या आईने पाहिलंय.”

अबूना त्याच्याजवळ आले. “शम्मास हबशी, नीट विचार करून बोल.”

“खोटं बोलून तिला आत घुसवू? कुणाला फसवायचं? तुम्हाला, की वरच्याला?”

मग सगळ्यांनी लबीबाकडे पाहिलं. तिने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. फाटक बंद झालं. इरिनीला वीटभट्टीपलीकडच्या पडीक जागेत पुरलं, प्रार्थनेशिवाय. हबशीने आपल्या घराण्याच्या थडग्यात जागा दिली नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. त्याने वर्ग घेतला.

तेव्हापासून चर्चमध्ये मृतांची नावं वाचली जातात त्यात इरिनीचं नाव नाही. पाद्री वेदीभोवती धूप फिरवतात, चिठ्ठीवरची नावं एकेक घेतात, लोक प्रत्येक नावाला दया मागतात. तफीदाच्या तीन वर्षांच्या नातीचं नाव येतं, गावच्या दारुड्याचं येतं, दुष्मनीत भोसकलेल्या दोघा भावांचं येतं. लबीबा बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसून ऐकते. तिच्या मुलीचं येत नाही.

हबशी गेल्या ऑक्टोबरात गेला. चार दिवस ताप होता, शेवटपर्यंत शुद्धीवर होता. त्याने पापं कबूल केली, प्रसाद घेतला, सगळं रीतसर. चार दिवस तो पाणी मागत होता. लबीबा पाणी द्यायची. पण दर वेळी तीनदा मागायला लावायची. दोनदा मागितलं तर पेला हातात धरून बसून राहायची. हे ती लपवत नाही. तफीदाने विचारलं होतं, तर म्हणाली, “तिसऱ्यांदा नाही दिलं असं कधी झालं नाही. त्याच्यापेक्षा मी बरी.”

दहाच्या सुमाराला नसीफ आला, कैरोहून. शुब्रा भागात एका फर्निचरच्या दुकानात तो कामाला आहे, वय पस्तीस, बापासारखाच उंच. गाडीतून त्याने चादरीत गुंडाळलेली संगमरवरी पाटी उतरवली आणि ओट्यावर उघडली. चर्चमागच्या नव्या सभागृहाला हबशीचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटीवर लिहिलं होतं: शम्मास हबशी सभागृह. ज्यांनी आम्हाला सत्य शिकवलं.

“कशी आहे, यम्मा?”

“जड आहे.”

“उद्या वर्षाच्या प्रार्थनेनंतर लावायची. साडेनऊला सभागृहाच्या दारात रहमाचं वाटप. तीनशे लागतील. तुझ्या हातचे.”

“मिन्याला दुकान आहे की.”

“यम्मा, हसतात लोक. गावभराच्या मेलेल्यांना तुझ्या हातचे, आणि आमच्या बापाला विकतचे?”

“तो आगीत आहे. आगीतल्या माणसाला पाव कशाला? जळेल.”

नसीफने पाटीवरची चादर पुन्हा नीट केली. तो भांडत नाही. दुकानाच्या गोदामात काम करताना तो फोनवर प्रवचनं ऐकतो, आणि तिथे ऐकलेलं गावी येऊन सांगतो.

“समजा असलाच तिथे, तरी कायमचं नसेल,” तो म्हणाला. “परवा एक शिक्षक सांगत होते. आग शिक्षा म्हणून नाही, धुण्यासाठी आहे. आपण मळकं कापड उकळत्या पाण्यात घालतो ना, तसं. कापड निघालं की भांडं उतरवतात. शेवटी सगळे सुटतात.”

लबीबाच्या हातातला गोळा तसाच राहिला.

“सगळे?”

“असं म्हणत होते.”

“मग इरिनीही?”

नसीफ गडबडला. त्याला बापाविषयी बोलायचं होतं, बहीण त्याच्या मनात नव्हती. त्या घरात सव्वीस वर्षं तिचं नाव काढायला बंदी होती आणि ती बंदी त्याने इतकी नीट पाळली होती की नाव ऐकून त्याला एक क्षण लागला.

“तीही. म्हणजे, ते खरं असेल तर.”

“म्हणजे तुला ठाऊक नाही.”

“मी ऐकलेलं सांगतोय, यम्मा.”

“ऐक, मी सांगते.” लबीबाने हात पिठातून काढून ओढणीला पुसले. “सव्वीस वर्षं मी सोसलं, कारण ती तिथे एकटी होती. आग होती, पण एकटी होती. गेल्या ऑक्टोबरपासून तोही तिथे आहे. म्हणजे पोर पुन्हा त्याच्याच घरात. कळतंय का तुला? वर्ष झालं, मला झोप नाही. त्याला कायमचं हवंय मला. तिला नकोय. एकाच आगीचे दोन नियम असतात का, हे विचारलं का तुझ्या शिक्षकाला?”

नसीफने विचारलं नव्हतं.

“चल, अबूनांना विचारू. तुला पाटीचं बोलायचंच आहे.”

दुपारी चारला दोघं चर्चच्या कचेरीत गेले. अबूना बिस्तवरोस चाळिशीचे, पाद्री होण्याआधी औषधाच्या दुकानात बसायचे. प्रश्न ऐकून घेतात, मोजकं उत्तर देतात, पुडी बांधून दिल्यासारखं. इथे येऊन त्यांना सहा वर्षं झाली. इरिनीबद्दल त्यांनी ऐकलं होतं, पण कुणी येऊन कधी विचारलं नव्हतं.

लबीबा बसली नाही. “अबूना, नरक संपतो का?”

“बसा, उम्म नसीफ,” ते म्हणाले; म्हणजे नसीफची आई, इथे बायकांना मुलाच्या नावानेच हाक मारतात.

“हो की नाही?”

“नाही. शेवट नाही त्याला. आग धुऊन काढते, मग सगळे सुटतात, असं म्हणणारे फार पूर्वीपासून आहेत, आणि आपल्या चर्चने फार पूर्वीच त्यांना नाही म्हटलंय.” त्यांनी नसीफकडे पाहिलं, फोनवर काय ऐकलं जातं हे त्यांना ठाऊक होतं. “मधली खोलीही नाही आपल्यात. दार एकदा बंद झालं की झालं.”

“मग मेलेल्यांची नावं कशाला वाचता?”

“अखेरचा निवाडा अजून व्हायचाय. तोवर आशेत गेलेल्यांसाठी मागतो आपण.”

“आणि ज्यांची वाचत नाही?”

अबूनांनी पेनाचं टोपण लावलं. “त्यांच्याविषयी चर्च काही बोलत नाही.”

“म्हणजे ती दारात उभीच?”

यावर ते उठले, कपाटातून जुनी नोंदवही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “इथे लिहिलंय: प्रार्थना दिली नाही, वडिलांच्या शब्दावरून. वडिलांनी स्वतः पाहिलं होतं?”

“नाही.”

“मग कुणी?”

“मी.”

“तुम्ही तेव्हा काही बोलला होता?”

“नाही.”

अबूनांनी तिला निरखून पाहिलं. औषधाच्या दुकानात चिठ्ठी नसलेलं गिऱ्हाईक आल्यावर जसं बघत असतील तसं. “मग मी विचारतो. तुम्ही काय पाहिलंत, उम्म नसीफ? तुमच्या शब्दाने ही ओळ बदलू शकते. उद्यापासून तिचं नाव चिठ्ठीवर येऊ शकतं.”

सत्तावीस वर्षांनी तिला तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला होता, आणि या वेळी दार लावायला हबशी नव्हता. लबीबा म्हणाली, “पाय घसरला तिचा.”

“नक्की?”

“काठाची माती ओली होती. घसरला.”

“मग तुमच्या नवऱ्याने तसं का सांगितलं?”

“त्याला विचारा.”

अबूनांनी पेन उघडलं. “ठीक आहे. उद्या दोन्ही नावं वाचू, बापाचं आणि लेकीचं. आणि वेदीवरून सांगावं लागेल लोकांना, की त्या वर्षी एका मुलीवर चुकीची साक्ष झाली. ते न सांगता नुसतं नाव वाचलं तर लोक कुजबुजतील, तेही तिला नको.”

“उद्याच?” नसीफ म्हणाला.

“पुढे कशाला ढकलायचं?”

“पाटी आहे उद्या, अबूना. बिशपांचा माणूस येतोय. पाटीवर लिहिलंय, सत्य शिकवलं. आणि तुम्ही प्रार्थनेत म्हणणार की स्वतःच्या मुलीवर खोटी साक्ष दिली?”

“मी खोटी म्हणणार नाही. चुकीची म्हणेन.”

“लोक खोटीच ऐकतील.”

लबीबा मुलाकडे वळली. “गप्प बस, नसीफ. सकाळी तूच सगळ्यांना सोडवत होतास ना?”

नसीफ उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. तो बापाच्या वर्गातला आवाज होता, हे अबूनांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. लबीबाला होतं.

“ती घसरली नाही, अबूना. तिने सपाता काढून काठावर जोडीने ठेवल्या. यम्माने दोनदा हाक मारली. तिने मागे वळून पाहिलं आणि गेली. मी पाहिलंय. मी तुतीच्या झाडावर होतो.”

अबूनांनी पेन वहीवरून उचललं.

लबीबाने विचारलं, “झाडावर होतास?”

“हो.”

“आठ वर्षांचा होतास. माझ्याआधी दिसली असेल तुला.”

“हो.”

“मग ओरडला का नाहीस?”

“तुती चोरताना दिसलास तर मेणबत्ती, असं बाबांनी सांगितलं होतं. ओरडलो असतो तर झाडावर कोण आहे ते कळलं असतं.”

“आणि मोठा झाल्यावर?”

“मोठा झाल्यावर काय सांगायचं होतं? बाबांनी खरंच सांगितलं होतं.”

अबूनांनी वही मिटली. त्यांनी कुणाला बोल लावला नाही, निदान लगेच नाही. वही कपाटात ठेवली, कपाटाला किल्ली लावली, परत येऊन बसले. मग म्हणाले की ओळ आता बदलता येणार नाही. पूर्वी एका माणसाचा ऐकीव शब्द होता, आता डोळ्यांनी पाहिलेल्याचा आहे. नसीफ आज आला नसता तर गोष्ट वेगळी झाली असती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. तिघांनाही ते कळत होतं.

“तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं कुणी म्हणेल का?” त्यांनी विचारलं. “तेव्हाचा एखादा डॉक्टर, एखादं औषध?”

“सपाता जोडीने ठेवल्या,” लबीबा म्हणाली. “डोकं ठिकाणावर होतं.”

“आणखी एक, उम्म नसीफ. तुम्ही आत्ता खोटं बोललात. वेदीपासून वीस पावलांवर, मेलेल्याविषयी. मी तुमचं दुःख जाणतो, पण हे सोडून देता येत नाही. फेडेपर्यंत तुम्हाला प्रसाद मिळणार नाही.”

“काय फेडू?”

अबूनांनी खिडकीतून सभागृहाकडे पाहिलं. दारावर पाटीसाठी चार भोकं पाडून झाली होती. “गावात सगळे बोलतात की तुम्ही नवऱ्यासाठी रहमा करत नाही. मनात असं धरून ठेवणं चांगलं नाही, तुमच्यासाठीच चांगलं नाही. उद्याचे तीनशे तुम्ही करा, स्वतःच्या हाताने. आणि दारात उभं राहून स्वतः वाटा. एकेक, नाव घेऊन.”

“प्रत्येक वेळी नाव?”

“प्रत्येक वेळी.”

नसीफ म्हणाला, “अबूना, एवढं नको.” त्याला तीनशे हवे होते, हे मात्र त्याने मागितलं नव्हतं. अबूनांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

लबीबाने पुन्हा विचारलं, बाजारात मापाची खात्री करून घ्यावी तसं: “शेवट नाही म्हणालात ना मघाशी?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की. पण उम्म नसीफ, ते सगळ्यांसाठी. त्यात तुमची मुलगीही…”

“ठाऊक आहे.” तिने ओढणी डोक्यावर घट्ट केली. “तीनशे संपतात. तीनशेव्या माणसाने दया करो म्हटलं की संपलं. मग चालेल.”

घरी परतताना नसीफ दोन पावलं मागे चालत होता. कालव्याच्या पुलावर त्याने हाक मारली, “यम्मा.” ती थांबली नाही. पुलापलीकडे त्याने पुन्हा मारली. तेव्हा ती न वळता म्हणाली, “आणखी एकदा मार. मग बघू.” त्याने तिसऱ्यांदा हाक मारली नाही. त्याला या घरातला तो हिशेब माहीत नव्हता, की माहीत असून तो गप्प राहिला, हे सांगता येणार नाही.

साडेपाचला लबीबाने पीठ चाळायला घेतलं. तीनशे नगांना पाच खेपा लागतात. तीळ तिने आधी निवडले, खडे काढले, भाजले. तफीदा चाळिसाव्याचं वाटप उरकून आली आणि परातीकडे बघून म्हणाली, “अगं बाई, कुणाचे एवढे?”

“हबशीचे.”

तफीदा मटकन बाकावर बसली. “तू?”

“पीठ धर. उभी राहून काय बघतेस, नाही, बसून काय बघतेस.”

“मीठ किती?”

“नेहमीचं,” लबीबा म्हणाली. “चव बिघडवून माझं नाव खराब करू? पोरं तोंड वाकडं करतील आणि दया करो म्हणणार नाहीत. मग अबूना पुन्हा तीनशे सांगतील.”

तफीदा हसली आणि मग हसणं आवरून तिने बाह्या वर केल्या. हे असं अचानक का, ते तिने विचारलं नाही, आणि लबीबाने सांगितलं नाही. दोघींनी मिळून निजण्याआधी पीठ मळून झाकून ठेवलं.

शुक्रवारच्या प्रार्थनेसाठी अबूना बिस्तवरोसांच्या चिठ्ठीवर चौदा नावं आहेत. पहिलं हबशीचं. इरिनीचं त्यात नाही. प्रार्थना सातला सुरू होते, सव्वानऊला सुटते. पाटी लावायला पंधरा मिनिटं धरली आहेत. वाटप साडेनऊला, सभागृहाच्या दारात, आणि नाव आधी देणाऱ्याने घ्यायचं असतं.